'श्यामची आई' : संस्काराआधीचा लळा

 

आज आपण एका अशा पुस्तकाबद्दल बोलणार आहोत, जे आपल्यापैकी बहुतेकांनी वाचलेलं आहे आणि जे पुन्हा वाचायची गरज नाही असं आपल्याला वाटतं. 'श्यामची आई'. हे पुस्तक आपल्या नाशिकचं आहे, हे नाशिककर मात्र सहसा विसरतात. पालगडच्या आठवणी, कोकणचं घर, कोकणची माणसं, हे सगळं खरं. पण ते कागदावर उतरलं ते नाशिकच्या तुरुंगात. साने गुरुजींनी ९ फेब्रुवारी १९३३ ला लिहायला घेतलं आणि १३ तारखेच्या पहाटेपर्यंत पुस्तकाचा बहुतेक भाग लिहून झाला. पाच दिवस. वय तेहतीस. आई जाऊन पंधरा वर्षं उलटलेली.

या पुस्तकाकडे 'संस्काराचं पुस्तक' म्हणून बघायची आपल्याला सवय लागली आहे. बक्षीस समारंभात देतात, मुंजीत देतात. आमचं म्हणणं असं आहे की या वाचनानं पुस्तकावर अन्याय झाला, आणि त्याहून जास्त अन्याय आयांवर झाला. तो कसा, हे आज सांगायचं आहे. त्यासाठी मानसशास्त्राकडून थोडं उसनं घेऊ. आम्ही तत्त्वज्ञानाचे, उसनं घेतलेलं परत करायची आम्हाला फारशी सवय नाही, पण आज प्रयत्न करू.

आधी एक शब्द नक्की करायला हवा. इंग्रजीत ज्याला 'ॲटॅचमेंट' म्हणतात, त्याला मराठीत काय म्हणायचं? 'आसक्ती' म्हटलं की गडबड होते. आपल्याकडे आसक्ती म्हणजे सोडायची गोष्ट. आमचा अर्धा जन्म मुलांना अनासक्तियोग शिकवण्यात गेला. 'बंध' म्हटलं तरी बंधन आठवतं. पण घरात एक साधा शब्द आहे: लळा. मूल आजीला लळा लावतं, वासराला लळा लागतो. या शब्दात दोन्ही बाजू आल्या, लावणारा आणि लागणारा. आपण तोच वापरू. आणि ज्याला लळ्याची खात्री आहे असं मूल, त्याला आपण 'निर्धास्त' म्हणू.

गंमत बघा. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत होते आणि ती प्रवचनं उतरवून घेत होते साने गुरुजी. आज आपल्या हातात 'गीता-प्रवचने' आहेत ती त्या लेखणीमुळे. म्हणजे हा माणूस एका वर्षी अनासक्तीचं शास्त्र शब्दन् शब्द टिपतो आणि पुढच्याच वर्षी दुसऱ्या तुरुंगात बसून लळ्याचं पुस्तक लिहितो. आम्हाला पूर्वी यात विसंगती वाटायची. आता वाटत नाही. का, ते ओघात येईल.

आता ते उसनं घेणं. जॉन बोल्बी नावाचे इंग्रज मनोविश्लेषक होते, १९०७ ते १९९० त्यांचा काळ. दुसऱ्या महायुद्धानंतर घराला आणि आईबापांना पारखी झालेली मुलं युरोपभर होती. जागतिक आरोग्य संघटनेनं त्यांच्याबद्दल बोल्बींकडून अहवाल मागवला, तो १९५१ मध्ये निघाला. तोवरची समजूत अशी की मुलाला आई हवी असते ती दुधासाठी. पोट भरलं की झालं. बोल्बी म्हणाले, तसं नाही. माणसाचं पिल्लू फार काळ परावलंबी असतं, म्हणून भीती वाटली की कुणा एका ओळखीच्या माणसाजवळ धाव घेणं ही त्याची भुकेइतकीच मूळ गरज आहे. आणि ती धाव घ्यायला जागा आहे अशी खात्री असली, की ते मूल लांब जायला धजतं.

शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे. लळा मुलाला पदराला बांधून ठेवत नाही. लळा लागलेलं मूल पदर सोडू शकतं. मघाची विसंगती इथे मिटते. ज्याला कधी घट्ट धरलंच नाही, त्यानं सोडायचं काय?

बोल्बींच्या सहकारी मेरी एन्सवर्थ. त्यांनी प्रयोगशाळेच्या आधी घरं बघितली. १९५० च्या दशकात युगांडातली खेडी, नंतर अमेरिकेत बाल्टिमोरमधली २६ घरं. बाळाच्या पहिल्या वर्षभरात प्रत्येक घरी पुन्हा पुन्हा जाऊन तासन् तास बसायचं आणि बाळ रडलं की कोण काय करतं ते लिहायचं. मग वर्षाच्या मुलाला आईबरोबर अनोळखी खोलीत आणायचं, आई थोडा वेळ बाहेर जाते, परत येते. सगळं लक्ष कशावर? मूल किती रडलं यावर नाही. आई परत आल्यावर ते काय करतं यावर. काही मुलं तिच्याकडे झेपावतात, शांत होतात आणि पुन्हा खेळायला लागतात. ही निर्धास्त. काही तिच्याकडे बघतच नाहीत, जणू काही झालंच नाही. काही कडेवर चढतात आणि तिलाच लाथा मारतात, समजूत पटतच नाही. पुढे मेरी मेन यांनी चौथा प्रकार दाखवला: ज्याच्याकडे धाव घ्यायची त्याचीच भीती वाटते असं मूल; ते मध्येच थबकतं, गोठतं.

बाल्टिमोरच्या घरांतलं आणखी एक निरीक्षण आपल्या आज्या-पणज्यांनी ऐकायला हवं होतं. पहिल्या काही महिन्यांत ज्यांच्या रडण्याला लगेच ओ मिळाली, ती मुलं वर्षाच्या शेवटी कमी रडत होती. 'उचलू नकोस, सवय लागेल' हे आपण किती घरांत ऐकलं आहे!

आता पुस्तकाकडे येऊ.

पोहण्याची रात्र आठवा. श्याम विहिरीत उतरायला घाबरतो, लपून बसतो. आई त्याला शोधून काढते, मारते आणि पाठवते. तो पोहून येतो. आपल्या शाळांमधून ही गोष्ट 'आई कशी कडक होती' म्हणून सांगितली जाते, आणि मुलांना मारणारे बाप तिचा दाखला देतात. गोष्ट तिथे संपत नाही. श्याम घरी येतो तो रुसलेला असतो. आईचं लक्ष त्याच्या वळांकडे जातं. ती जवळ येते, विचारपूस करते, आपण का मारलं ते त्याला सांगते, आणि सांगताना तिचाही जीव हललेला असतो. आम्ही मारण्याचं समर्थन करत नाही. १९३३ साली करायला नको होतं, आज तर नाहीच. पण श्यामला आयुष्यभर पुरलं ते मारणं की ते जवळ येणं, हा समीक्षेचा प्रश्न आहे.

एडवर्ड ट्रॉनिक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं आई आणि तान्ह्या बाळाचे चेहरे समोरासमोर चित्रित केले. त्यात दिसलं की चांगल्या, प्रेमळ जोड्यांचेही सूर सगळा वेळ जुळलेले नसतात. फार तर तिसऱ्या हिश्श्याइतका वेळ. बाकीचा वेळ चुकामूक. आई दुसरीकडे बघते, बाळ तोंड फिरवतं. फरक पडतो तो चुकामुकीनंतर पुन्हा जुळतं का, यानं. पोहण्याच्या गोष्टीत विहीर निम्मी आहे, उरलेली निम्मी वळ बघणारी आई आहे. आपण निम्मीच सांगत आलो.

दुसरी गोष्ट, ती तर सगळ्यांना पाठ. आंघोळ झाल्यावर पायांना माती लागू नये म्हणून श्याम हटून बसतो आणि आई धोंड्यावर आपलं लुगडं पसरते. मग पायांसारखंच मनही जप, असं सांगते. आम्ही किती भाषणांत ते दुसरं वाक्य ऐकलं असेल! पहिली कृती कुणी बोलत नाही. एका छोट्या मुलाचा हट्ट, तसा बिनकामाचाच. दिवसभर राबणारी बाई त्याला दटावू शकली असती. ती ओलं लुगडं पसरते. उपदेश नंतर येतो, आणि तो आत जातो कारण दार आधीच उघडलेलं असतं. नुसतं वाक्य भिंतीवर लिहून ठेवलं असतं तर श्यामनं त्याच्याखाली नाव कोरलं असतं, आपली मुलं कोरतात तसं.

म्हणून आमचं म्हणणं: हे संस्काराचं पुस्तक आहेच, पण संस्कार या पुस्तकात लळ्याच्या पाठीवर बसून येतो. आपण स्वार तेवढा ठेवला आणि घोडा सोडून दिला.

आता गुरुजींच्या विरुद्ध थोडं बोलू. मेरी मेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात मोठ्या माणसांच्या मुलाखतीची एक पद्धत बसवली. तुमच्या आईशी असलेल्या नात्याचं वर्णन पाच विशेषणांत करा, असं सांगतात. आणि मग विचारतात, या प्रत्येक विशेषणासाठी एक प्रसंग सांगा. कुणी म्हणतो, 'आमची आई म्हणजे साक्षात देवी.' बरं, एक प्रसंग? तेव्हा त्याला एकही आठवत नाही. तिथे परीक्षक कान टवकारतो. बालपण सुखाचं होतं की दुःखाचं, याला त्यात फार महत्त्व नाही. माणूस ते सुसंगत, मोकळेपणानं, चांगलं-वाईट दोन्ही धरून सांगू शकतो का, याला आहे. आणि असं सांगता येणाऱ्यांची मुलं बहुधा निर्धास्त निघतात, असं त्यांना दिसलं.

'श्यामची आई'ची रचना बघा. आश्रमातली रात्र, प्रार्थना झालेली, भोवती जिवलग सोबती, आणि एक मोठा झालेला मुलगा रोज एक प्रसंग सांगतो आहे. बेचाळीस रात्री. ही त्या मुलाखतीच्या कितीतरी आधीची मुलाखतच आहे. विशेषणं आहेत, हो, भरपूर आहेत. जरा जास्तच आहेत. पण प्रत्येकामागे प्रसंग आहे. आणि त्या प्रसंगांत श्याम भित्रा आहे, हट्टी आहे, चोरी करतो, आईवर रागावतो. अळणी भाजीच्या रात्री आई मीठ विसरते. देवीच्या चरित्रात देवी मीठ विसरत नाही.

तरीही पुस्तकाची एक कमजोरी आहे, ती झाकू नये. श्यामचा राग दर वेळी आईच्याच बाजूनं मिटतो. एकदाही असं होत नाही की श्याम रागावला, त्याचं बरोबर होतं आणि विषय तसाच राहिला. प्रसंग संपत आला की कथनकार त्यावर प्रवचनाची चादर घालतो. आम्हाला वाटतं, ती चादर ज्यानं घातली तो श्याम नव्हे, तो पोरका मुलगा आहे. आई शेवटच्या आजारात होती तेव्हा श्याम दूर शिकत होता. तो पोचला तेव्हा ती गेलेली होती. ज्याला निरोप घेता आला नाही, तो भांडण तरी कसं शिल्लक ठेवील? हा पुस्तकातला दोष आहे आणि पुस्तकातली सगळ्यात खरी जखमही तिथेच आहे.

इथे आम्हाला आमची एक गोष्ट सांगितली पाहिजे. १९८५ च्या आसपास एका शाळेनं पालकसभेत आम्हाला या पुस्तकावर बोलायला बोलावलं होतं. आम्ही तेव्हा तरुण प्राध्यापक, डॉक्टरेट ताजी. तासभर बोललो. आजच्या आया कशा घराबाहेर पडल्या, मुलं कशी पोरकी झाली, श्यामच्या आईकडून काय शिकावं वगैरे. टाळ्या पडल्या. सातपूरच्या कारखान्यात काम करणारी एक बाई होती, ती उठून म्हणाली, "सर, या पुस्तकात श्यामचे वडील किती रात्री आहेत?" सगळे हसले. आम्हीही काहीतरी चुरचुरीत बोललो आणि वेळ मारून नेली. त्या वेळी आमची मुलगी तीन वर्षांची होती. आमच्या सौ. बँकेत नोकरीला. मुलीला दिवसभर सांभाळायच्या त्या शेजारच्या वाड्यातल्या काकू. आम्ही मुलीला एकदाही आंघोळ घातलेली नव्हती. हे त्या बाईला माहीत नव्हतं, आम्हाला होतं.

तिच्या प्रश्नाचं उत्तर आज देतो. वडील आहेत.  अळणी भाजी एक शब्द न बोलता खाणारे आहेत. पण ते येतात-जातात. कर्ज वडिलांच्या व्यवहाराचं, आणि वसुलीला आलेल्या माणसाचे शब्द झेलते ती आई. उत्तरार्धातल्या रात्रींची नावंच बघितली तरी पुरे: कर्ज, अवहेलना, चिंता, तेल आहे तर मीठ नाही. ताप अंगात घेऊन ती राबते. आणि पुस्तकाची पहिलीच रात्र कोणती? वटसावित्रीची. आई आजारी आहे, वडाला प्रदक्षिणा घालायला जाऊ शकत नाही, म्हणून लाजणाऱ्या श्यामला ती आपल्या जागी पाठवते. म्हणजे पुस्तक सुरू होतं तेच मुलानं आईचा भार उचलण्यापासून.

बोल्बींनी या गोष्टीकडे काळजीनं बघितलं आहे. काही मुलं लहानपणीच आईबापांची काळजीवाहू होतात आणि पुढे आयुष्यभर इतरांची काळजी वाहत राहतात. स्वतःसाठी काही मागणं त्यांना जमत नाही. साने गुरुजी अमळनेरला छात्रालय सांभाळत तेव्हा मुलांच्या खोल्या झाडत, त्यांचे कपडे धूत. मुलांची आईच झाले, असं सगळे कौतुकानं सांगतात, आणि कौतुक योग्यच आहे. १९४७ साली पंढरपूरच्या विठ्ठल मंदिराचे दरवाजे हरिजनांना उघडावेत म्हणून ते उपोषणाला बसले, तेव्हा त्यामागे मोळी घेऊन थकलेल्या म्हातारीला हात द्यायला सांगणारी आई होती, असं म्हणायला जागा आहे. पण हाच माणूस ११ जून १९५० ला आपणहून जगाचा निरोप घेतो. आम्ही यावरून निदान करणार नाही. मेलेल्या माणसाचं मानसशास्त्र करणं ही असभ्यता आहे. त्यात फाळणी होती, गांधीजींचा खून होता, स्वातंत्र्यानंतरचा भ्रमनिरास होता. एवढंच म्हणू की 'आई चांगली मिळाली, आता आयुष्यभराची हमी' असं सांगणाऱ्यांनी हे पुस्तक आणि हे आयुष्य शेजारी ठेवून बघावं. अमेरिकेत मिनेसोटात १९७५ पासून गरीब घरांतल्या मुलांचा पाठपुरावा जन्मापासून मोठेपणापर्यंत केला गेला. त्यांनाही तेच दिसलं: सुरुवातीचा लळा पुढे कामी येतो, मैत्रीत, शाळेत, संकटात, पण नंतरचे धक्के आणि नंतरचे आधार दोन्ही मोजावे लागतात. पाया म्हणजे छप्पर नव्हे.

आणि पाया एकटीनं घालायचा असतो, हे कुणी ठरवलं? १९५१ च्या अहवालात बोल्बींनी 'आई'वर इतका भर दिला की पाळणाघरांच्या विरोधात त्याचा वापर झाला, आणि नोकरी करणाऱ्या बायकांना अपराधी वाटायला लागलं. एन्सवर्थबाईंनी पुढे हे सौम्य केलं. युगांडात त्यांनी अनेकांच्या हातांत फिरणारी आणि तरीही निर्धास्त असलेली मुलं बघितली होती. खुद्द बोल्बींना लहानपणी लळा होता तो मिनी नावाच्या दाईचा. ते चारेक वर्षांचे असताना ती घर सोडून गेली, आणि ते दुःख त्यांनी म्हातारपणापर्यंत सांगितलं. आईवर सिद्धांत लिहिणाऱ्याला चटका लागला होता दाईचा! आपल्याला हे नवीन वाटायला नको. संभाजीराजे दोन वर्षांचे असताना सईबाई गेल्या. त्यांना दूध पाजणारी कापूरहोळची धाराऊ महाराष्ट्राला ठाऊक आहे. आपल्या पुराणांनी तर देवकी आणि यशोदा अशी वाटणीच करून ठेवली. आणि साने गुरुजींच्या आईचं नाव यशोदा होतं.

श्यामच्या घरीही दूर्वांची आजी आहे, शेजार आहे, आजोळ आहे. पुस्तकात ती माणसं कडेकडेनं आहेत. चित्रपटात ती आणखी कडेला गेली. आचार्य अत्र्यांचा १९५३ चा चित्रपट, पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळालेला. वनमालाबाईंचा तो चेहरा आमच्या पिढीच्या मनावर असा बसला की पुस्तकातली थकलेली, चिडणारी, मीठ विसरणारी बाई आम्हाला दिसेनाशी झाली. पडद्यानं तिला उजळ केलं आणि एकटं केलं. चित्रपट सुंदर आहे. पण समीक्षकानं दोन्ही गोष्टी बोलायला हव्यात.

याला एक निराळी परंपराही आपल्याकडे होती, तीही याच काळातली. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ. १९४५ पासून बोर्डीला आणि मग कोसबाडला. त्यांनी 'आया वाईट आहेत' असं व्याख्यान दिलं नाही. मुलं शाळेत येत नाहीत, कारण ती गुरं राखतात आणि धाकट्या भावंडांना सांभाळतात, हे त्यांनी बघितलं. मग अंगणात बालवाडी नेली, कुरणावर शाळा नेली. 'अंगणवाडी' हा शब्द १९७५ च्या सरकारी योजनेमुळे देशभर गेला, पण त्याची माती कोसबाडची आहे. साने गुरुजींनी आईची आठवण लिहिली. या दोघींनी आईचा हात मोकळा कसा करायचा ते केलं. आमच्या मते ही दोन पुस्तकं एका वेळी वाचायला हवीत, त्यातलं एक पुस्तक नसलं तरी.

आज दिंडोरी-निफाडच्या बागांत द्राक्षाच्या हंगामात जा. मांडवाखाली साडीची झोळी बांधलेली असते, आत बाळ. आई दोन ओळी पलीकडे घड विरळत असते. बाळ रडलं की ती मान वळवते. हात सुटत नाहीत, मुकादम बघत असतो. झोळीला झोका देते सहा-सात वर्षांची बहीण. कुणी म्हणेल हिला 'श्यामची आई' वाचायला द्या. तिला ओ द्यायची आहे, ती अडवलेली आहे. तिथे पुस्तक द्यायचंच असेल तर बागमालकाला द्या, आणि पहिल्या रात्रीपासून नको. कर्जाच्या रात्रीपासून वाचा म्हणावं.

त्या सातपूरच्या बाई आज ऐंशीच्या घरात असतील. हे भाषण त्यांच्यापर्यंत पोचेल की नाही, सांगता येत नाही. आम्ही परवा पुन्हा एकदा पुस्तक घेऊन बसलो आणि वहीत रात्री मांडत गेलो: इथे वडील आहेत, इथे नाहीत, इथे नुसते दारातून गेले. मुलगी आली होती, तिनं विचारलं, "बाबा, काय मोजताय?" सांगितलं. ती म्हणाली, "आता?"

थांबतो. प्रश्न असतील तर घेऊ. मागच्या बाजूला माइक द्या, तिथे कुणीतरी केव्हापासून हात वर केला आहे.